प्रथम क्रमांक, विभागून

'विभागून' हा मराठी भाषेतला माझा अत्यंत आवडता शब्द आहे. बक्षीस समारंभाबाहेर तो फारसा भेटत नाही. मिळकतीची वाटणी होते, भाऊ वेगळे होतात, सुपारीसुद्धा अर्धी-अर्धी होते. पण विभागून द्यावे ते बक्षीसच. सूत्रसंचालक "वक्तृत्व स्पर्धा, मोठा गट, प्रथम क्रमांक..." असे म्हणून दम घेतो आणि मग हळूच "...विभागून" म्हणतो, तेव्हा जाणकार श्रोत्यांना कळते, की आतल्या खोलीत परीक्षकांची हातघाई होऊन शेवटी तह झालेला आहे. आमच्या शाळेत एका वर्षी वक्तृत्वाचा फिरता करंडक असा विभागून दिला गेला. सहा महिने एकाच्या घरी, सहा महिने दुसऱ्याच्या. पहिल्या घरी त्यात अबोलीची फुले ठेवली गेली आणि दुसऱ्या घरी आजीच्या वाती. दोघांतला चांगला वक्ता कोण, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दोन्ही मुले पुढे बायकोपुढे गप्प बसायला शिकली, एवढेच ऐकून आहे.

आमची शाळा म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले एक लहानसे हायस्कूल. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. प्रयोगशाळा आणि खेळाचे सामान यांना मिळून एकच खोली, त्यामुळे स्पिरिटच्या दिव्याशेजारी लेझमी टांगलेल्या असतात आणि गॅलरीतल्या सांगाड्याच्या गळ्यात पी. टी.च्या सरांची शिट्टी असते. मी बँकेतून निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा या शाळेने मला शाळा समितीवर घेतले. निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि बँकवाल्याकडे पैसे असतात, असा त्यामागे दुहेरी गैरसमज होता. पहिला खरा निघाला.

समितीवर आल्यापासून दर स्नेहसंमेलनाआधी एक प्रश्न माझ्यापुढे येऊन बसतो. बक्षीस नेमके कशाचे द्यायचे? प्रश्न ऐकायला सोपा आहे. तुम्ही म्हणाल, "त्यात काय एवढं? जो पहिला आला त्याला द्यायचं." आमच्या समितीचेही असेच म्हणणे असते, आणि तरीही बैठक रात्री साडेनऊपर्यंत चालते.

आमच्या लहानपणी निदान 'काय द्यायचे' याबद्दल वाद नव्हता. 'श्यामची आई' द्यायची. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले, तेव्हा महाराष्ट्रातल्या तमाम धावपटूंची, लांब उडीवाल्यांची आणि रांगोळीवाल्यांची सोय आपण करून ठेवतो आहोत, याची त्यांना कल्पना नसेल. माझा एक वर्गमित्र पळण्यात हरणासारखा होता. सातवीपर्यंत त्याच्याकडे त्या पुस्तकाच्या चार प्रती जमल्या. त्याची स्वतःची आई म्हणाली, "मेल्या, आता एकदा हर, घरात तांब्या नाही." तांब्या दुसऱ्या क्रमांकाला होता.

आता बक्षिसांची नावे मोठी झाली आहेत. कै. अमुक स्मृती पारितोषिक, कै. तमुक स्मरणार्थ ढाल. मी बँकवाला असल्याने या ठेवींचा हिशेब माझ्याकडे आला. १९७८ साली एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या नावे ५०० रुपये कायम ठेव म्हणून दिले. तेव्हा ती रक्कम भारदस्त होती. आज त्यावर ७ टक्के व्याज धरले तरी वर्षाचे ३५ रुपये होतात. एवढ्यात प्रमाणपत्राला साधी चौकटही येत नाही. पण वडिलांचे नाव माईकवरून पूर्ण घेतले जाते, तेव्हा ते गृहस्थ पहिल्या रांगेत डोळे पुसतात. ३५ रुपयांत इतके रडू दुसरीकडे कुठे मिळेल? एकूण बक्षिसाची किंमत आणि बक्षिसाचे मोल या दोन वेगवेगळ्या खात्यांवरच्या नोंदी आहेत, हे मला बँकेत कुणी शिकवले नव्हते.

आता संगीताकडे वळू. मी स्वतः समूहगायनात तालुक्यात पहिला आलेलो आहे. प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, कोपरे वाळवीने खाल्ले असले तरी 'प्रथम' हा शब्द शाबूत आहे. आठवीत असताना गाण्याच्या सरांनी आम्हां वीस जणांचा आवाज एकेक करून तपासला. माझ्यापाशी आले, ऐकले, थोडा वेळ बाहेर नारळीच्या झाडाकडे पाहिले आणि प्रेमाने म्हणाले, "तू असं कर. मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव." मी हलवले. आम्ही पहिले आलो.

आता मला सांगा, ते प्रमाणपत्र खरे की खोटे? त्यावर 'समूहगायनात भाग घेऊन' असे छापलेले आहे, आणि मी तर गायलोच नव्हतो. पण दुसऱ्या बाजूने पाहा. मी गायलो असतो, तर तो नंबर त्या एकोणीस जणांनाही मिळाला नसता. म्हणजे त्या यशात माझा वाटा इतरांपेक्षा अंमळ अधिकच होता. हा युक्तिवाद मी घरी केला, तेव्हा आमची सौभाग्यवती म्हणाली, "ती सवय तुम्ही सोडायला नको होती."

थट्टा राहू दे. त्या मागच्या रांगेत माझ्या शेजारी आणखी एक मुलगा होता. त्यालाही सरांनी हेच सांगितले होते. मला ते विनोदी वाटले, त्याला वाटले नाही. एवढाच फरक. आज तो सत्तरीचा आहे, आणि गणपतीत आमच्या घरी आरतीला येतो तेव्हा नुसत्या टाळ्या वाजवतो. आरतीत काय सगळेच सुरात असतात? एकेकाचा सूर ऐकून मूषक मखराबाहेर पळेल. पण त्याचे ओठ मिटलेले असतात. प्रमाणपत्र त्याच्याही घरी आहे. एका बक्षिसाने त्याला एक नंबर दिला आणि एक आवाज घेतला. हिशेब कसा मांडायचा, हे बँकेच्या कुठल्याच परिपत्रकात नाही.

शाळेत पेटी एकच आहे. ती कुणाला वाजवायला द्यायची, यावरूनही दरवर्षी महाभारत होते. अमर्त्य सेन यांनी २००९ सालच्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या आपल्या ग्रंथात असाच एक पेच मांडला आहे. त्यांच्याकडे पेटीऐवजी बासरी आहे, एवढेच. बासरी एक आणि मुले तीन. एकीला ती वाजवता येते. दुसरा गरीब आहे, त्याच्याकडे खेळायला दुसरे काहीच नाही. तिसरीने ती स्वतः मेहनतीने तयार केली आहे. कुणाला द्याल? सेनसाहेबांचे म्हणणे असे, की तिघांचीही बाजू वजनदार आहे आणि एकाच तत्त्वाने निकाल लागेलच, असे नाही. ज्यांना नोबेल मिळाले त्यांनाही जे चटकन सोडवता आले नाही, ते आमच्या समितीने चहा येईपर्यंत सोडवावे, अशी अपेक्षा असते. आमच्याकडे जिच्या घरी पेटी आहे तीच उत्तम वाजवते, हे ओघानेच आले. ज्याच्या घरी पेटी नाही त्याला वाजवता येत नाही, आणि वाजवता येत नाही म्हणून शाळेची पेटी मिळत नाही. आणि भात्याला भोक पडले की चिंध्या आणि खळ घेऊन ते बुजवतो तो शाळेचा शिपाई. त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर नसते. वीज गेली की मात्र सर्वांना आठवते.

खेळात तरी सगळे स्वच्छ असेल, असे वाटते. घड्याळ आहे, फीत आहे, पंच आहे. पण तिथेही क्रमांक ही गोष्ट वाटते तितकी सनातन नाही. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा पहिल्या आलेल्याला रुपेरी पदक मिळाले, दुसऱ्याला तांब्याचे, आणि तिसऱ्याला काहीही नाही. सोने-रूपे-कांस्य ही उतरंड १९०४ पासूनची. पुढे नोंदी नीट लावताना त्या जुन्या तिसऱ्यांच्या नावापुढे कांस्य लिहिले गेले. म्हणजे हात हलवत घरी गेलेली ती माणसे पुढे कधीतरी पदकविजेती झाली. पळाले होते तेवढेच, वेळही तीच. बदलली होती फक्त बघणाऱ्यांची वही.

शिवाय अलीकडे दहावीला खेळाचे आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून पालकांमध्ये कलाक्रीडाप्रेमाची लाट आली आहे. पूर्वी "खेळून काय दिवे लावणार?" म्हणणारे वडील आता पी. टी.च्या सरांना शहाळे पाठवतात. हे वाईट आहे, असे मी म्हणत नाही. मी बँकवाला आहे. ठेवीवर व्याज मिळाले तर कुणाला नको? पण व्याज आणि बक्षीस या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

गेल्या वर्षीची बैठक अडली ती हजेरीच्या बक्षिसावर. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस ज्या मुलाला मिळायचे होते, त्याचे घर आणि शाळा यांच्यामध्ये फक्त एक गडगा आहे. घंटा झाली की तो त्यावरून उडी मारतो. एका वर्षी तर तो कांजिण्या अंगावर घेऊन आला. पुढच्या आठवड्यात वर्गात हजर असा तोच उरला, आणि प्रतिस्पर्धी सगळे अंथरुणाला खिळले. मुलगा गुणी आहे, त्यात त्याचा काही दोष नाही. गडग्याशेजारी जन्म घेण्याचा अर्ज त्याने केलेला नव्हता.

यादी वाचून झाल्यावर पी. टी.चे सर म्हणाले, "आठवीत वाडीवरची एक मुलगी आहे. चार किलोमीटर चालत येते. मध्ये वहाळ आहे. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की तिला येता येत नाही. तेवीस दिवस गैरहजर आहे. बाकी एकदाही प्रार्थनेला उशिरा आलेली नाही. आमच्या खो-खोच्या संघात आहे."

देणगीदार काका म्हणाले, "सर, सहानुभूती आहे. पण नियम म्हणजे नियम."

मराठीच्या बाई म्हणाल्या, "मग तिला वेगळं बक्षीस देऊ या ना. जिद्दीचं."

सगळ्यांच्या माना डोलल्या. मीसुद्धा मनातल्या मनात ३५ रुपये कुठून काढता येतील ते पाहू लागलो. तेवढ्यात गणिताचे सर, जे बैठकीत सहसा फक्त बिस्किटे मोजतात, म्हणाले, "द्या. पण मग पुढच्या वर्षी ती पुरातून येईल. आणि तिचं बघून बाकीच्या तिघीही येतील."

खोलीत शांतता झाली. बक्षीस म्हणजे नुसती शाबासकी नसते, ती पुढच्यांना दिलेली सूचना असते, हे इतके स्वच्छ आम्हांला कुणीच सांगितले नव्हते. हेडबाईंनी पेनाचे टोपण लावले आणि म्हणाल्या, "तिला बक्षीस नको. साकव हवा."

दोन शब्द. नीतिशास्त्रावरची मोठमोठी पुस्तके उघडून मी त्यानंतर बरेच दिवस बसलो, पण याच्यापलीकडे फारसा गेलो नाही. ज्याला साकव हवा त्याला आपण ढाल देतो. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत बातम्या येतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून अमुक टक्के, हॉटेलात कपबशा विसळून तमुक टक्के. आपण चहा पिता पिता "वा! काय जिद्द!" म्हणतो आणि पान उलटतो. घरात दिवा का नव्हता, हे विचारायचे राहून जाते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथवर पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. गहाण ठेवण्याची वेळ का यावी, हे कुणी विचारत नाही. खाशाबा १९८४ साली गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. जिद्दीला आपण बक्षीस देतो खरे, पण सवडीने देतो.

मग काही जण म्हणतात, बक्षिसेच बंद करा. किंवा सगळ्यांना द्या, म्हणजे कुणाचे मन दुखायला नको. हा प्रयोग आमच्याकडे झालेला आहे. एका तरुण, उत्साही शिक्षकाने एका संमेलनात प्रत्येक मुलाला एकेक पेन्सिल दिली. मुलांनी रांगेत उभे राहून पेन्सिली घेतल्या, टोके तपासली, आणि पाचवीतला एक चिमुरडा विनयाने म्हणाला, "सर, आणि बक्षीस?" मुलांना फसवणे फार कठीण असते. सगळ्यांकडे एकदमच पाहिले म्हणजे कुणाकडेच पाहिले नाही, हे त्यांना मोठ्यांआधी कळते.

या गोंधळात मला मदत केली ती शब्दकोशाने. पारितोषिक हा शब्द 'परितोष'वरून आला आहे. परितोष म्हणजे मन भरून झालेले समाधान. कुणाचे? देणाऱ्याचे! आणि बक्षीस हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ नुसते 'देणे'. बँकेत मी शेकडो बक्षीसपत्रे पाहिली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे बक्षीस म्हणजे मोबदला न घेता स्वखुशीने दिलेली वस्तू. घेणाऱ्याने ती फक्त स्वीकारायची असते. म्हणजे दोन्ही शब्दांत कुठेही 'तू हे कमावलेस', 'तू इतरांपेक्षा वरचा', 'तुझीच लायकी' असे म्हटलेले नाही. (लायकी हा शब्द तर आपण फक्त भांडणात वापरतो.) कमावलेला असतो तो पगार. तो थकला तर मागता येतो, संप करता येतो. बक्षीस मागता येत नाही. कुणीतरी आपल्याकडे बघितले, त्याला आनंद झाला आणि त्याने तो हातात दिला, इतकेच ते असते.

तुम्ही म्हणाल, मग काय देणाऱ्याची मर्जी? तसेही नाही. इथेच तर देणाऱ्याची खरी परीक्षा आहे. परितोष व्हायचा तर आधी पाहायला हवे. गाण्याच्या सरांनी आमचे वीस गळे ऐकले, पण मागच्या रांगेतला एक मिटत चाललेला चेहरा त्यांना दिसला नाही. हजेरीपटाने तेवीस फुल्या पाहिल्या, वहाळ पाहिला नाही. शाळा थोड्याच मुलांना बक्षिसे देते, हा मोठासा अन्याय नव्हे. देण्यासारखे थोडेच असते. ती थोड्याच मुलांकडे बघते, हा अन्याय आहे. बक्षीस न मिळाल्याने मूल मोडत नाही. आपण दिसतच नाही, असे वाटले की मोडते.

गडग्याशेजारच्या मुलाला त्याचे बक्षीस मिळाले. ते त्याचेच होते, आणि टाळ्याही कडकडून पडल्या. साकवाचा अर्ज हेडबाईंच्या सहीने ग्रामपंचायतीत गेला. मसुदा माझा, बँकवाल्याचे मराठी अशा वेळी उपयोगी पडते, कारण ते वाचून माणूस घाबरतो. पोच मिळाली आहे. वहाळ अजून जुन्याच वाटेने वाहतो. आम्ही दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतो, आणि या बाबतीत शाळा समितीची हजेरी शंभर टक्के आहे.

पी. टी.च्या सरांची मात्र एक पद्धत मी तेव्हापासून मुद्दाम जाऊन पाहतो. खो-खोचा सामना संपला, मग हरलेला असो वा जिंकलेला, की ते मुलींना सामानाच्या खोलीबाहेर गोल बसवतात. संघ बाराजणींचा, मैदानात उतरतात नऊ. सर बाराही जणींना आपण काय पाहिले ते एकेका वाक्यात सांगतात. "तू खांबाशी फसवलंस ते झकास." "तू पडलीस आणि हसलीस, त्यानं बाकीच्यांचा धीर टिकला." न उतरलेल्या तिघींपैकी एकीला, "तू ओरडून वेळ सांगत होतीस, त्यावर दोन गडी वाचले." त्या दिवशी वाडीवरच्या मुलीला सबंध डावात जेमतेम दोनदा खो मिळाला होता. ती खाली मान घालून बसली होती. सर म्हणाले, "आणि तू. सगळ्या उठायची घाई करत होत्या. तू खो मिळेपर्यंत हलली नाहीस. बसून राहणं हा अर्धा खेळ आहे, ते तुला येतं."

मुलीने मान वर केली. हातात तिच्या काही आले नव्हते; प्रमाणपत्र नाही, ढाल नाही, 'श्यामची आई' नाही. पण चेहरा असा होता, की तो चौकटीत बसवायला ३५ रुपये खर्च करायला मी तयार होतो.

नंतर मी सरांना म्हणालो, "सर, तुम्ही आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव पाठवा की. मी भरून देतो अर्ज."

सर लेझमी मोजत होते. म्हणाले, "त्यात स्वतःबद्दल चार पानं लिहायची असतात हो. मी काय लिहिणार? मी तिकडे बघितलेलंच नाही." आणि एक लेझीम कमी भरली म्हणून ते सांगाड्यामागे शोधायला गेले.